फायलीत न मावणारी दृश्यं

१९६९ साली येरेवानच्या आर्मेनफिल्म स्टुडिओत एक चित्रपट पुरा झाला. त्याचं नाव होतं ‘सायात-नोव्हा’, अठराव्या शतकातल्या एका आर्मेनियन कवी-गायकाचं. सरकारी चित्रपट खात्याच्या अधिकाऱ्यांनी तो पाहिला आणि त्यांचा आक्षेप थेट नावापासून सुरू झाला. या चित्रपटातून सायात-नोव्हाच्या आयुष्याबद्दल प्रेक्षकाला काहीच समजत नाही, मग त्याचं नाव कशाला? शीर्षक बदललं गेलं, प्रकरणांच्या पाट्यांमधूनही कवीचं नाव पुसलं गेलं आणि चित्रपट ‘डाळिंबांचा रंग’ या नावाने बाहेर पडला.

आक्षेपात तथ्य होतं. सायात-नोव्हा तिबिलिसीचा. जॉर्जियाचा राजा दुसरा एरेकले याच्या दरबारात तो गायला. आर्मेनियन, जॉर्जियन आणि अझरबैजानी अशा तीन भाषांत त्याने कवनं रचली. दरबार सुटल्यावर पुढे तो धर्मगुरू झाला आणि १७९५ मध्ये इराणच्या आगा मोहम्मद खानाच्या फौजा चालून आल्या त्या धामधुमीत मारला गेला. राजा, प्रेम, संन्यास, परचक्र: चरित्रपटाला लागणारं सगळं सामान इथे तयार होतं. सर्गेई पाराजानोवने त्यातलं जवळजवळ काहीच सांगितलं नाही. त्याच्या चित्रपटात पांढऱ्या कापडावर तीन डाळिंबं ठेवलेली दिसतात. त्यांचा रस झिरपून डाग पसरत जातो. मग एक खंजीर. मग कोरीव अक्षरांच्या शिळेवर द्राक्षं तुडवणारं अनवाणी पाऊल. काट्यांची फांदी. पावसाने भिजलेले मठातले ग्रंथ छपरावर वाळत घातलेत, वाऱ्याने त्यांची हजारो पानं फडफडताहेत आणि त्यांच्यामध्ये एक लहान मुलगा पडून आहे.

त्या मुलाचं पुढे काय होणार, हे हा मजकूर वाचणाऱ्याला ठाऊक आहे. चित्रपट पाहणाऱ्याला ते कुणी सांगत नाही. तरीही कवी होणं म्हणजे काय, हे त्या एका छपरावरच्या दृश्यातून जितकं पोचतं तितकं कुठल्याही चरित्रपटातून पोचलेलं नाही.

चिथावणारा सिनेमा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नग्नता येते, रक्त येतं, धर्माची किंवा सत्तेची उघड टवाळी येते. पासोलिनीचा शेवटचा चित्रपट ‘सालो’ आठवतो, ओशिमाचं ‘इन द रेल्म ऑफ द सेन्सेस’ आठवतं. त्या चित्रपटांचं धाडस खरंच आहे. पण पाराजानोव वेगळ्याच वाटेने गेला. त्याच्या पडद्यावर घोषणा नाहीत, सरकारविरोधी संवाद नाहीत. संवादच फारसे नाहीत. त्याने सुंदर दृश्यं रचली आणि त्या दृश्यांचा अर्थ लावून द्यायला नकार दिला. एवढ्यावर त्याची जवळजवळ पंधरा वर्षं वाया घालवण्यात आली, त्यातली चारेक तुरुंगात. एका महासत्तेला लोकरीच्या लडींची, मेंढ्यांची आणि डाळिंबांची इतकी धास्ती का वाटावी, हा प्रश्न या लेखाच्या मुळाशी आहे.

उत्तर शोधायचं तर सोव्हिएत चित्रपट कसा तयार व्हायचा ते पाहावं लागतं. तो आधी कागदावर तयार व्हायचा. कथेसारखी सलग वाचता येईल अशी साहित्यिक पटकथा लिहून ती स्टुडिओच्या संपादक मंडळापुढे ठेवली जाई. तिथून ती त्या त्या प्रजासत्ताकाच्या चित्रपट समितीकडे आणि मग मॉस्कोतल्या गोस्किनोकडे, म्हणजे केंद्रीय चित्रपट समितीकडे, जाई. प्रत्येक टप्प्यावर शेरे, दुरुस्त्या, पुन्हा शेरे. चित्रण झाल्यावर परत पाहणी, परत दुरुस्त्या, मग स्वीकृती आणि त्यानंतर वितरणाची श्रेणी. किती प्रती काढायच्या आणि त्या राजधानीच्या मोठ्या चित्रपटगृहात लावायच्या की उपनगरातल्या क्लबात, हे त्या श्रेणीवरून ठरे. पैसा सरकारचा, कॅमेरा सरकारचा, कच्ची फिल्म सरकारची. या यंत्रणेला शब्द उत्तम वाचता येत. आक्षेपार्ह वाक्य दिसलं की ते खोडता येई, पात्र चुकीचं वागलं की त्याला शेवटी सुधारता येई.

पाराजानोवची पटकथा मात्र वाचून काहीच हाती लागत नसे. ‘एक स्त्री लेस विणते, तिच्यामागे सोनेरी गोल झुलतो’ अशा वाक्यावर शेरा काय मारणार? आणि तेच दृश्य पडद्यावर आलं की प्रेक्षक त्यात काय काय पाहू लागे. डाळिंबाच्या रसाचा तो डाग जुन्या आर्मेनियाच्या नकाशासारखा दिसतो, असं कितीतरी जणांनी म्हटलं आहे. पटकथेत नकाशाचा उल्लेख असता तर खोडता आला असता. डाग कसा खोडणार?

पाराजानोव जन्मला ९ जानेवारी १९२४ रोजी, तिबिलिसीत, आर्मेनियन घरात. बाप जुन्या वस्तूंचा व्यापारी. गालिचे, दागिने, चिनी मातीची भांडी, झुंबरं यांच्या गराड्यात मुलगा वाढला आणि वस्तूंवरचं ते प्रेम त्याला जन्मभर पुरलं. मॉस्कोच्या चित्रपट संस्थेत तो इगोर सावचेंकोच्या हाताखाली शिकला आणि मग कीव्हच्या स्टुडिओत नोकरीला लागला. तिथे दहा वर्षं त्याने चारचौघांसारखे चित्रपट केले. शेतकरी, प्रेम, गाणी, योग्य तो शेवट. पुढे त्याने स्वतःच ते सगळे कचऱ्यात जमा केले. तार्कोव्हस्कीचं ‘इव्हान्स चाइल्डहूड’ १९६२ मध्ये आलं. आठ वर्षांनी लहान असलेल्या दिग्दर्शकाचा पहिलाच चित्रपट पाहून चाळिशीकडे झुकलेल्या माणसाने आपला रस्ता बदलला. याचं श्रेय तो तार्कोव्हस्कीला मोकळेपणाने देत राहिला. कलेच्या इतिहासात असा दिलदारपणा क्वचित सापडतो.

पहिला स्फोट झाला तो ‘शॅडोज ऑफ फरगॉटन अॅन्सेस्टर्स’ या चित्रपटाने. युक्रेनियन लेखक मिखाइलो कोत्सिउबिन्स्की याची १९६४ मध्ये जन्मशताब्दी होती. त्याच्या दीर्घकथेवर चित्रपट काढणं हे सरकारी कार्यक्रमात बसणारं काम. पाराजानोव आणि त्याचा छायाचित्रकार युरी इल्येंको कार्पेथियन डोंगरात हुत्सुल लोकांमध्ये जाऊन राहिले. चित्रपट सुरू होतो तोच एक झाड कोसळतं, आणि कॅमेरा त्या झाडाबरोबर वरून खाली येतो. माणूस चिरडला जातो तो झाडाच्या नजरेतून. पुढे दोन घराण्यांच्या वैरात नायक इव्हानच्या बापावर कुऱ्हाड पडते. त्या क्षणी भिंगावरून रक्त ओघळतं आणि लालभडक घोडे पडद्यावरून झेप घेतात. नायिका मारिच्का बुडून मरते, तेव्हा चित्रपटातले रंगच विझतात. इव्हानचं दुःख चालू आहे तोवर सगळं करडं. नंतर त्याचं दुसरीशी लग्न लागतं, त्या विधीत नवरा-नवरीचे डोळे बांधून त्यांच्या मानेवर जू ठेवलं जातं. संसाराबद्दल यापुढे काही बोलायची गरज उरत नाही.

मॉस्कोची मागणी होती की चित्रपट रशियन भाषेत डब करावा. पाराजानोवने ती मानली नाही. हुत्सुल बोली तशीच राहिली. एका प्रजासत्ताकाच्या डोंगराळ बोलीत, रशियन न करता, चित्रपट देशभर दाखवायचा, हा त्या काळात राजकीय निर्णय होता. त्याने तो घोषणेशिवाय घेतला.

राजकारण मग चित्रपटगृहातच उतरलं. ४ सप्टेंबर १९६५ रोजी कीव्हच्या ‘उक्राइना’ चित्रपटगृहात खास खेळ होता. त्या उन्हाळ्यात युक्रेनियन लेखक-कलावंतांची गुपचूप धरपकड झाली होती. समीक्षक इव्हान जुबा मंचावर गेला आणि त्या अटकांबद्दल बोलू लागला. त्याचा आवाज दाबण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा पत्रकार व्याचेस्लाव चोर्नोव्हील आणि कवी वासिल स्तुस यांनी प्रेक्षकांना निषेध म्हणून उभं राहायचं आवाहन केलं. काही जण उभे राहिले. जुबाची नोकरी गेली, स्तुसचं संशोधन बंद पडलं. पुढे स्तुस १९८५ मध्ये छावणीत मेला. कार्पेथियन डोंगरातल्या एका प्रेमकथेचा खेळ युक्रेनच्या प्रतिकाराच्या इतिहासात जाऊन बसला तो असा. पाराजानोव या सगळ्यापासून अलिप्त राहिला नाही. १९६८ मध्ये राजकीय खटल्यांचा निषेध करणाऱ्या १३९ जणांच्या पत्रावर त्याचीही सही होती.

त्यानंतरचा त्याचा प्रकल्प ‘कीव्ह फ्रेस्कोज’ चाचणी-चित्रणाच्या पुढे जाऊ दिला गेला नाही. कीव्हमध्ये काम मिळेना, म्हणून तो आर्मेनियात गेला आणि तिथे ‘सायात-नोव्हा’ झाला.

या चित्रपटाजवळ थोडं थांबायला हवं, कारण दृश्याचं धाडस म्हणजे नेमकं काय ते इथे सर्वांत स्वच्छ दिसतं. ‘शॅडोज’मध्ये कॅमेरा वेड्यासारखा धावत होता, फिरत होता, कोसळत होता. त्याचं जगभर कौतुक झालं. दुसरा कोणी असता तर त्याने तीच करामत पुन्हा केली असती. पाराजानोवने कॅमेरा जागच्या जागी खिळवून टाकला. छायाचित्रकार सुरेन शाहबाझ्यानच्या चौकटी जवळजवळ हलतच नाहीत. माणसं समोर तोंड करून उभी राहतात, प्रेक्षकाकडे रोखून पाहतात, एखादी वस्तू उचलतात, ठेवतात, वळतात. मागे भिंत किंवा गालिचा, म्हणजे खोली नाहीच. सगळं एका पातळीवर, आर्मेनियन हस्तलिखितांतल्या लघुचित्रांसारखं. तरीही चित्र निर्जीव वाटत नाही, कारण चौकटीच्या आत सतत काहीतरी झुलतंय, गळतंय, फडफडतंय. तिग्रान मान्सुर्यानच्या संगीतात स्तोत्रं आहेत, वाद्यं आहेत आणि पाणी, लाकूड, धातू यांचे आवाजही आहेत.

सोफिको चिआउरेली या जॉर्जियन अभिनेत्रीने त्यात पाच-सहा भूमिका केल्या. तरुण कवी तीच, त्याची प्रेयसीही तीच, जोगीणही तीच. स्टालिनच्या गौरवाचे भव्य चित्रपट काढणाऱ्या मिखाइल चिआउरेलीची ही मुलगी. एकच चेहरा प्रियकराचा आणि प्रेयसीचा. दोघं लेसच्या पडद्याआडून एकमेकांकडे पाहतात तेव्हा पुरुष कोणता आणि स्त्री कोणती, हा भेदच गळून पडतो. ज्या देशात समलिंगी संबंध हा तुरुंगवासाचा गुन्हा होता, तिथे १९६९ साली सरकारी पैशाने काढलेल्या चित्रपटात हे दिसलं. हमामखान्याच्या प्रसंगात लहान मुलगा घुमटाच्या झरोक्यातून आत डोकावतो. त्याला घासूनपुसून काढलेली पुरुषांची अंगं दिसतात आणि मग एका स्त्रीचं उघडं शरीर, एका स्तनावर शंख ठेवलेलं. कामभावनेची पहिली जाणीव इतक्या थोडक्यात, इतक्या निरागसपणे आणि इतक्या निर्भीडपणे क्वचितच चित्रित झाली असेल.

धर्मगुरूच्या अंत्यविधीचा प्रसंगही असाच. दगडी चर्चमध्ये खड्डा खणलेला आहे आणि दारातून मेंढ्यांचा कळप आत शिरतो. शिरतच राहतो. जमीन दिसेनाशी होते, माणसं कळपात बुडून जातात. शोक आणि गर्दी, पवित्र जागा आणि जनावरांचा उबदार वास, हे सगळं एकाच चौकटीत. हा प्रसंग कशाचं प्रतीक, असा प्रश्न विचारणाऱ्याला चित्रपट दाद देत नाही. पाहणाऱ्याने आधी पाहावं, एवढीच त्याची अट आहे.

एक गोष्ट मात्र नजरेआड करता येत नाही. या चित्रपटांत जनावरं खरोखर मारलेली दिसतात. बळी दिलेल्या मेंढ्या आहेत, आणि शेवटी जळत्या मेणबत्त्यांमध्ये पडलेल्या मरणासन्न कवीभोवती मुंडकी छाटलेले कोंबडे तडफडतात. तिथल्या लोकाचारात बळी आहे हे मान्य केलं तरी कॅमेऱ्यासाठी केलेली हत्या खुपते, आणि खुपायलाच हवी. या दिग्दर्शकावर प्रेम करणाऱ्यांनी हे झाकू नये.

इतर देशांतही त्या दशकात दृश्यातून बंड करणारे होते. प्राग शहरात व्हेरा हितिलोव्हाने १९६६ मध्ये ‘डेझीज’ काढला. मारी नावाच्या दोन मुली, जग बिघडलंय तर आपणही बिघडायचं असं ठरवून खातात, फसवतात, कापतात, जाळतात. छायाचित्रकार यारोस्लाव कुचेराने रंग क्षणोक्षणी बदलले, आणि मुली कात्रीने एकमेकींना कापू लागल्या की पडद्याचेच तुकडे उडाले. शेवटी मेजवानीच्या टेबलावर त्या नाचतात आणि सगळं अन्न तुडवतात. १९६७ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या संसदेत एका सदस्याने या चित्रपटाबद्दल प्रश्न उपस्थित केला, आणि तक्रारीचा मोठा भाग अन्नाच्या नासाडीबद्दल होता. तिथेही तेच झालं. चित्रपटाने काय म्हटलं हे पकडता येईना, तेव्हा त्याने काय दाखवलं त्यावर बोट ठेवलं गेलं.

भारतात याच सुमारास पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेले मणी कौल वेगळ्या वाटेने अशाच प्रश्नाशी झगडत होते. पाराजानोवशी त्यांचा धागा ओढून-ताणून जोडायचं कारण नाही. त्यांचे गुरू ऋत्विक घटक, आणि त्यांना जवळचा वाटणारा परदेशी दिग्दर्शक रॉबेर ब्रेसाँ. पण एका बिंदूकडे धावणाऱ्या युरोपीय यथार्थदर्शनाला भारतीय कॅमेऱ्याने का बांधून घ्यावं, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला. १९७३ चा ‘दुविधा’ हा विजयदान देथा यांच्या कथेवरचा चित्रपट चित्रकार अकबर पदमसी यांच्या मदतीने झाला. नवरोज काँट्रॅक्टर यांनी टिपलेल्या त्यातल्या लाल-पांढऱ्या चौकटी राजस्थानी लघुचित्रांची आठवण देतात. घूंघट, भिंत, हात, डोळे. नवरा परगावी गेलेला, त्याचं रूप घेऊन भूत घरात नांदतंय, आणि स्त्रीला कोण हवं हे तिला कुणी विचारत नाही. ‘डाळिंबांचा रंग’ पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकाने ‘दुविधा’ही पाहावा. स्थिर चौकट किती अस्वस्थ करू शकते हे दोन्हीकडे वेगवेगळ्या रीतीने कळतं.

१९७१ च्या अखेरीस मिन्स्कमध्ये तरुणांसमोर केलेल्या भाषणात पाराजानोवने चित्रपट खात्याच्या कारभारावर उघड तोफ डागली. १७ डिसेंबर १९७३ रोजी त्याला कीव्हमध्ये अटक झाली. आरोप समलिंगी संबंधांचा, त्याला बलात्कार आणि अश्लील साहित्य यांची जोड. शिक्षा पाच वर्षं सक्तमजुरी. त्याचे मित्र आणि नंतरचे अभ्यासक यांचं म्हणणं हेच, की खरं कारण त्याची जीभ आणि त्याचा सिनेमा होतं. त्याच्या आवडीनिवडींबद्दल तो स्वतः बेफिकीरपणे बोलत असे; ते बोलणंच त्याच्याविरुद्ध वापरायला सोयीचं ठरलं. भारतातही समलिंगी संबंध हा २०१८ पर्यंत कायद्याने गुन्हा होता, तेव्हा सोव्हिएत कायद्याकडे फार उंचावरून पाहायचं कारण नाही.

छावणीत कॅमेरा मिळणार नव्हता. त्याने हाती येईल त्यातून काम सुरू केलं. गोणपाटाचे धागे, सुकलेली फुलं, मासिकांची कात्रणं, चिंध्या. दुधाच्या बाटल्यांना लावलेली अॅल्युमिनियमची पातळ झाकणं तो गोळा करी आणि त्यांवर खिळ्याने चेहरे उठवी, नाण्यांवरच्या मुद्रांसारखे. शेकडो चित्रं, कोलाज आणि बाहुल्या त्याने तुरुंगात केल्या. ही कामं आज येरेवानच्या पाराजानोव संग्रहालयात आहेत, आणि त्यांत रडगाणं शोधून सापडत नाही. त्यात आहे ती वस्तूंवरची तीच जुनी माया. चित्रपट काढू न शकलेल्या दिग्दर्शकाने एका चौकटीत मावतील असे चित्रपट केले, असं त्यांच्याकडे पाहता येतं.

बाहेर त्याच्यासाठी धडपड चालू होती. तार्कोव्हस्कीने युक्रेनच्या नेतृत्वाला पत्र लिहिलं. युरोपातल्या दिग्दर्शकांनी सह्या केल्या. अखेर मॉस्कोच्या साहित्यवर्तुळातल्या लिल्या ब्रिक हिच्या खटपटीने फ्रेंच कवी लुई आरागाँने सोव्हिएत नेता ब्रेझनेव्हकडे शब्द टाकला आणि १९७७ च्या शेवटी, मुदतीच्या वर्षभर आधी, पाराजानोव सुटला. कीव्हमध्ये राहायची मुभा नव्हती, म्हणून तो तिबिलिसीच्या जुन्या घरी परतला. काम तरीही नाहीच. १९८२ मध्ये लाचेच्या आरोपाखाली पुन्हा तुरुंगात, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत सुटका.

सत्ता बदलू लागली, जॉर्जियातली हवा थोडी सैल झाली आणि दोदो आबाशिद्झे या अभिनेत्याच्या साथीने त्याने ‘सुरामच्या किल्ल्याची दंतकथा’ काढला. किल्ल्याची भिंत पुन्हा पुन्हा ढासळते. एक तरुण स्वतःला जिवंत चिणून घेतो तेव्हा ती उभी राहते. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाच्या पायात माणसं पुरल्याची कथा ऐकलेल्या मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटणार नाही. पुरंदरच्या कथेत मात्र बळी कुणाला दिलं गेलं आणि देणारे कोण, हे जातीच्या उतरंडीवरून ठरलं. पाराजानोवचा तरुण स्वतःहून पुढे येतो. त्या त्यागाकडे चित्रपट भारावून पाहतो, आणि इथे त्याची दृष्टी थोडी थिटी पडते. देशासाठी मरणाऱ्याच्या आईची बाजू त्यात असायला हवी तितकी नाही.

‘आशिक केरिब’चं मोल त्याहून जास्त. लेर्मोन्तोव्हने लिहून ठेवलेली एक लोककथा: गरीब गायक, श्रीमंताची मुलगी, हजार आणि एक दिवसांची भटकंती. चित्रपट तयार झाला १९८८ मध्ये. नागोर्नो-काराबाखवरून आर्मेनियन आणि अझरबैजानी लोकांत दंगली पेटल्या त्याच वर्षी. अशा वेळी एका आर्मेनियन दिग्दर्शकाने जॉर्जियाच्या स्टुडिओत अझरबैजानी भाषेतला चित्रपट काढला, मुख्य भूमिकेत एका कुर्द तरुणाला घेतलं, आणि मुसलमान कवीच्या प्रेमाला सगळा रंगसंभार बहाल केला. या कृतीचं वजन आज, त्या प्रदेशातली युद्धं आणि विस्थापनं पाहिल्यावर, अधिकच जाणवतं. चित्रपट त्याने १९८६ मध्ये वारलेल्या तार्कोव्हस्कीला अर्पण केला.

१९८८ मध्येच त्याला पहिल्यांदा परदेशी महोत्सवाला, रॉटरडॅमला, जाऊ दिलं गेलं. तोवर तो चौसष्ट वर्षांचा झाला होता. १९८९ मध्ये ‘कन्फेशन’ या आत्मचरित्रात्मक चित्रपटाचं चित्रण तिबिलिसीच्या घरी सुरू झालं आणि लगेच थांबलं. फुप्फुसाचा कर्करोग. २० जुलै १९९० रोजी येरेवानमध्ये तो गेला. त्याच्यासाठी बांधलेलं घर पुढच्या वर्षी संग्रहालय म्हणून उघडलं. त्यात तो कधी राहिला नाही.

त्याचा प्रभाव आता अनपेक्षित ठिकाणी भेटतो. २०२० मध्ये लेडी गागाच्या ‘९११’ या गाण्याचा व्हिडिओ आला, तो ‘डाळिंबांचा रंग’च्या चौकटींवर उघडपणे उभा होता. त्याचा दिग्दर्शक जालंधरमध्ये जन्मलेला तरसेम सिंग. पॉप गाण्याच्या चाहत्यांनी मग मूळ चित्रपट शोधून पाहिला, हे चांगलंच झालं. पण अशा उसनवारीत एक गोष्ट हरवते. पाराजानोवच्या चौकटीतला गालिचा कुणाच्या तरी घरचा असतो, विधी कुठल्या तरी गावचा असतो. तो शोभेसाठी मांडलेला नसतो. काही अभ्यासकांनी उलट बाजूही दाखवली आहे: हुत्सुलांना किंवा कॉकेशसच्या लोकांना त्याने काळाबाहेरचं, फार देखणं करून ठेवलं. हा आक्षेप ‘सुराम’ला काही प्रमाणात लागू पडतो. ‘शॅडोज’ला तो लागत नाही. त्यातली गरिबी, दारू आणि चेटूक यांना इतकी धार आहे की शोभेला जागाच उरत नाही.

नव्या प्रेक्षकाने सुरुवात ‘शॅडोज’पासून करावी. त्यात गोष्ट आहे, वेग आहे, आणि पाराजानोवची नजर हळूहळू अंगवळणी पडते. मग ‘डाळिंबांचा रंग’. तो पाहताना आवृत्ती कोणती हे तपासून घ्यावं. प्रदर्शनाच्या वेळी सोव्हिएत संघभर फिरवण्यासाठी सर्गेई युत्केविच या ज्येष्ठ दिग्दर्शकाने त्याचं पुन्हा संकलन केलं होतं. काही मिनिटं कापली, प्रसंगांचा क्रम हलवला, कवीचं आयुष्य कळावं म्हणून पाट्या घातल्या. त्याचा हेतू चित्रपट वाचवण्याचाही होता, आणि त्या आवृत्तीमुळेच तो बऱ्याच लोकांपर्यंत पोचला. पण पाराजानोवच्या रचनेच्या अधिक जवळची आवृत्ती म्हणजे आर्मेनियात दाखवली गेलेली. २०१४ मध्ये मार्टिन स्कोर्सेसीच्या फिल्म फाउंडेशनने इटलीतल्या बोलोन्याच्या चित्रपट संग्रहालयाबरोबर तिचं पुनरुज्जीवन केलं आणि ती कानच्या महोत्सवात दाखवली गेली. रंग पाहायचे ते तीत. ‘आशिक केरिब’ त्यानंतर.

‘कीव्ह फ्रेस्कोज’चं जे काही उरलंय ते शेवटी पाहावं. जेमतेम पाव तासाचं चाचणी-चित्रण. स्थिर कॅमेरा, समोर पाहणारी माणसं, वस्तूंची संथ ने-आण: ‘डाळिंबांचा रंग’ची सगळी भाषा तिथे चार वर्षं आधीच तयार आहे. महायुद्धातल्या विजयाचा वीस वर्षांनंतरचा दिवस हा त्याचा विषय होता, म्हणजे सरकारला हवासा. तरीही कीव्हमध्ये तो चित्रपट पुढे करू दिला गेला नाही, आणि पाराजानोवला त्या शहरात पुन्हा कधीच चित्रपट करता आला नाही.